साथ कोणी आणली?

आपल्या भाषेत काही शब्द मोठे लबाड आहेत. ‘साथ’ हा त्यांतलाच एक. मैफलीत तबलजी गवयाची साथ करतो, सप्तपदीत वधूवर जन्माची साथ देण्याचे कबूल करतात, आणि पावसाळा सरता सरता गावात तापाची साथ येते. लग्नपत्रिकेवर शोभणारा शब्द आणि पालिकेच्या आरोग्य खात्याच्या पत्रकावरचा शब्द एकच! वर्गात हे सांगितले की मुले हसतात. पण हसून झाल्यावर लक्षात येते की भाषेने यात फारशी लबाडी केलेली नाही. रोगाला एकट्याने हिंडता येत नाही. त्याला माणसाची, उंदराची, डासाची, पाण्याची सोबत लागते. ‘लागण’ हा शब्दही असाच. शेतकरी उसाची लागण करतो आणि शहरात गोवराची लागण होते. एक करावी लागते, दुसरी आपोआप होते, असे आपण समजतो. ती आपोआप होत नाही, त्याविषयीच आज लिहायचे आहे.

एरवी दर आठवड्याला या सदराला एकच पान मिळते आणि त्यात एखाद्या शब्दाची चौकशी करून मी रजा घेते. दिवाळी अंकात संपादकांनी हात सैल सोडला आहे, म्हणून जरा लांबचा पल्ला घेते. चकली-करंजीच्या ताटाशेजारी रोगराईचा विषय कोणाला अमंगळ वाटेल. पण दिवाळीच्या आधीचे दोन महिने आपल्या उपनगरांतल्या किती घरांत तापमापक हाताशी ठेवलेला असतो ते आठवा, म्हणजे विषय घरचाच वाटेल.

रोगांना नावे देण्यात आपले पूर्वज कंजूष नव्हते. देवी, कांजिण्या, गोवर, पटकी, हिवताप. पटकीला कोकणपट्टीत मोडशी म्हणत. गोव्यात आलेल्या पोर्तुगीजांनी तो शब्द आपल्या जिभेवर वळवून घेतला. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले आहे. पुढे फ्रेंचांनी पोर्तुगीजांचा शब्द उचलला आणि आपल्या कानाला जुळेल असा तो ‘मॉर द शियाँ’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’, असा करून टाकला. आपली साधी मोडशी सातासमुद्रापार कुत्र्याचे मरण होऊन बसली! असो. नाव देऊन झाले की माणसाचा दुसरा प्रश्न मात्र जगभर एकच असतो: ‘हा रोग आणला कोणी?’

कुर्ल्याहून अंधेरीकडे निघालात की साकीनाका यायच्या आधी जरीमरी लागते. उजव्या-डाव्या हाताला गाळे, गोदामे, टेंपो, भंगाराची दुकाने, आणि डोक्यावरून इतक्या खालून जाणारी विमाने की बोलणे मध्येच थांबवावे लागते. बसमध्ये ‘एक जरीमरी’ म्हणून तिकीट मागणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या मनात येत असेल की हे नाव साथीच्या देवीचे आहे. जरीमरी काय किंवा मरीआई काय, एकाच भयाची ही रूपे. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा काढीत. त्यावर देवीची स्थापना करायची, नैवेद्य ठेवायचा, हळदकुंकू वाहायचे आणि वाजतगाजत तो गाडा शिवेपार नेऊन सोडायचा. पलीकडच्या गावाने तो आणखी पुढे ढकलायचा. माझ्या पिढीतली शिकलेली माणसे या प्रथेला हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. औषध नव्हते, जंतू ठाऊक नव्हता, घरटी मढी उचलावी लागत होती. अशा वेळी माणसे काहीतरी करीत होती. फक्त एवढेच की गाडा शिवेपार गेला तरी विहीर गावातच राहत होती.

हा गाडा सरकारनेही ढकलून पाहिला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. घबराट इतकी झाली की लाखो माणसे मुंबई सोडून गेली आणि जाताना काहींनी रोगही बरोबर नेला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला. पुढे २०२० साली करोनाच्या वेळी सरकारने हाताशी धरला तो हाच. त्या कायद्याच्या जोरावर घरांत शिरून ‘संशयितां’ना बाहेर काढणे, सामान जाळणे, आगगाडीतून उतरवून तपासणे सुरू झाले. पुण्यात या कारभाराचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री चापेकरांच्या पिस्तुलाने कसा झाला, ते शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या.

गंमत अशी की सरकार माणसांमागे धावत असताना आमच्या खेड्यापाड्यांत एक वाक्प्रचार रूढ झाला होता: ‘उंदीर पडला.’ घरात उंदीर मरून पडला की आजीबाई सांगत, ‘चला, आता घर सोडायचे.’ गावेच्या गावे माळावर झोपड्या घालून राहत. यामागचे कारण कोणाला सांगता आले नसते, पण निरीक्षण बावनकशी होते. आधी उंदीर, मग माणूस. आणि तेही अमुक घरात, अमुक दिवसांनी. मेलेल्या उंदराच्या अंगावरून उतरलेली पिसू माणसाला चावते आणि रोग देते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत शोधून काढले १८९८ साली. त्याच्यावरही पुढची काही वर्षे फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. माळावर गेलेल्या आजीबाईंनी सिमाँची वाट पाहिली नव्हती.

साथरोगशास्त्र हे भारदस्त नाव धारण करणारी विद्या मुळात या आजीबाईंचीच आहे. तिला ‘कोणी आणला’ यात फारसा रस नाही. ती विचारते: कोणाला झाला? कुठे झाला? केव्हा झाला? आणि चौथा प्रश्न, जो आजीबाईंना सुचला नसता आणि आपल्यालाही सहसा सुचत नाही: कितींपैकी कितींना झाला, आणि ज्यांना झाला नाही त्यांचे वेगळे काय होते?

या चौथ्या प्रश्नाची करामत लंडनमध्ये १८५४ साली दिसली. सोहो भागात पटकीने कहर केला, तेव्हा जॉन स्नो नावाच्या डॉक्टराने मेलेल्यांची घरे नकाशावर मांडली. ती ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पाण्याच्या पंपाभोवती गोळा झालेली दिसली. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. पंपाजवळच्याच दारूच्या भट्टीतले कामगार धडधाकट कसे? तर ते पाण्याऐवजी बिअर पीत. आणि दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई पटकीने कशी गेली? तर तिला याच पंपाचे पाणी आवडे आणि ती ते मुद्दाम मागवून घेई. पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. तोपर्यंत साथ बरीचशी ओसरली होती, हे स्नोने स्वतःच नमूद केले आहे. मला त्याचा हा प्रामाणिकपणा नकाशाइतकाच मोलाचा वाटतो. रॉबर्ट कॉखने पटकीचा जंतू कलकत्त्यात निश्चित केला तो १८८४ साली, म्हणजे तीस वर्षांनी. चोराचे नाव कळायच्या आधीच त्याच्या येण्याची वाट बंद करता येते, ती अशी.

आपल्या मुंबईत असाच एक हिशोब भायखळ्याच्या तुरुंगात झाला. डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकिननी कैद्यांना लस देऊ केली. सुमारे निम्म्यांनी ती घेतली, उरलेल्यांनी घेतली नाही. एकच इमारत, एकच अन्न, एकच पाणी. न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, त्यांतले ६ दगावले. टोचलेल्यांत २ जणांना झाला, दगावले कोणीही नाही. ‘आमच्या शेजाऱ्याने लस घेतली आणि तरी तो आजारी पडला’ असे म्हणणाऱ्याला हे उत्तर आहे: शेजाऱ्याकडे बघू नका, दोन्ही रांगा बघा.

यावर कोणी चतुर वाचक विचारील की आपण होऊन पुढे आलेले कैदी मुळातच अधिक सुदृढ किंवा सावध असतील तर? शंका रास्त आहे, आणि ती हाफकिननाही सुचली असावी. १८९८ साली गायकवाडांच्या बडोदे संस्थानात उंढेरे नावाच्या गावी त्यांनी प्रत्येक कुटुंबातल्या निम्म्या माणसांना लस टोचली. भावाला टोचली, भावाला नाही. साथ सरली तेव्हा न टोचलेल्यांत २६ जण गेले होते, टोचलेल्यांत ३. हे वाचताना अंगावर काटा येतो. एकेका घरातली जी माणसे तुलनेसाठी बाजूला राहिली, त्यांतलेच ते २६. आजच्या नियमांत हे बसले नसते आणि बसू नयेच. पण परळच्या हाफकिन संस्थेच्या दारावरून जाताना हे २६ जण मला नेहमी आठवतात.

प्लेगने आपल्या मध्यमवर्गाला एक देणगीही दिली. दाटीवाटीची वस्ती मोडून रुंद रस्ते, हवेशीर घरे बांधण्यासाठी १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे त्याच्या योजनांतून दादर-माटुंगा उभे राहिले. हिंदू कॉलनीतल्या ऐसपैस गॅलरीत बसून ‘पूर्वीची मुंबई किती निरोगी’ असे कोणी म्हणू लागले, तर त्या गॅलरीचे मूळ प्लेगात आहे एवढे आठवण करून द्यायला हरकत नाही.

आता साकीनाक्याला परत येऊ. साकीविहार रस्त्याच्या आतल्या अंगाला आमची वसाहत आहे. चार इमारती, मागे कुंपणाची भिंत, भिंतीपलीकडे वस्ती आणि छोटे कारखाने. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरात वसाहतीत डेंग्यू सुरू झाला. पहिल्या आठवड्यात दोन, दुसऱ्यात पाच. एका नववीतल्या मुलीच्या रक्तातल्या बिंबिका इतक्या घसरल्या की तिला अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. त्या रात्री जिन्यात उभे राहून बोलणाऱ्या आयांचे चेहरे मी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी तातडीची सभा बोलावली गेली. भीती पोटात असली की माणूस गाडा शोधतो. तो सापडायला पाच मिनिटेही लागली नाहीत. ‘मागच्या वस्तीतून येतो सगळा रोग,’ एक गृहस्थ म्हणाले. टाळ्या पडायच्याच बाकी होत्या. ठराव झाला: कामाला येणाऱ्या बायकांना पंधरा दिवस बंदी, आणि भिंत तीन फूट उंच करण्यासाठी वर्गणी.

आमच्याकडे येणाऱ्या मावशींना ही बातमी फाटकावरच्या रखवालदाराने दिली. त्या बाहेरूनच मला फोन करून म्हणाल्या, ‘ताई, आमच्या गल्लीत एकालासुद्धा ताप नाही. मग मी तो आणते कुठून?’

मी साहित्याचे वर्ग गेली वीस वर्षे घेते आहे. इतका नेमका प्रश्न विचारणारा विद्यार्थी वर्षाकाठी एखादाच भेटतो.

तळमजल्यावर आमचे एक सेवानिवृत्त शेजारी राहतात. सगळी नोकरी टपाल खात्यात गेली. कोणते पत्र कुठून निघाले, कुठे पोचले, मध्ये किती दिवस लागले, हा हिशोब त्यांच्या हाडीमाशी खिळलेला. मावशींचा प्रश्न त्यांना सांगितला तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, वहीचे एक पान फाडले आणि रकाने आखले: इमारत, मजला, नाव, ताप चढल्याची तारीख, त्याआधीच्या आठवड्यात दिवसाचा वेळ कुठे गेला. संध्याकाळभर ते दारोदार हिंडले. दुसऱ्या सकाळी, सभेच्या ठरावाला न जुमानता, भिंतीपलीकडच्या वस्तीतही जाऊन आले.

कागद बोलू लागला. आजारी सातांपैकी सहा जण ‘ब’ इमारतीतले. मजल्यांचा काही मेळ नव्हता. पहिला होता, सहावा होता. पण मेळ वेळेचा होता. दिवसभर कचेरीत असणारे जवळपास सगळे सुटले होते. आजारी होती ती शाळेतून दुपारी परतून तळाशी लिफ्टजवळ खेळणारी मुले, आणि तिथल्या गार सावलीत बसून भाजी निवडणाऱ्या दोन आजी. सातवा ‘क’ इमारतीतला मुलगाही खेळायला तिथेच येई. वस्तीत तापाचा एकच रोगी सापडला, आणि तो कोण? रोज सकाळी ‘ब’ इमारतीच्या तळाशी गाड्या धुणारा पोरगा. त्याचा ताप मुलांच्या नंतरचा होता. भिंत ओलांडली होती खरी, पण उलट्या दिशेने.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो. त्याला स्वच्छ, साचलेले पाणी लागते. आणि तो जन्मला त्या जागेपासून फार लांब उडत नाही. पोस्टमास्तरांनी (वसाहत आता त्यांना याच नावाने ओळखते) पालिकेच्या कीटकनाशक खात्याच्या माणसांना बोलावून सरळ ‘ब’च्या लिफ्टकडे नेले. लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात पावसाचे पाणी झिरपून गुडघाभर साचले होते. विजेरीच्या उजेडात त्यात अळ्या वळवळताना दिसल्या. मग घरोघर तपासणी झाली आणि आणखी तीन-चार ठिकाणे निघाली: बाटलीत लावलेला मनीप्लांट, शीतकपाटामागचे पाणी साठण्याचे तबक, कुंडीखालची बशी, आणि गच्चीवर झाकण मोडलेली टाकी. गलिच्छ म्हणावे असे त्यांत एकही ठिकाण नव्हते. खड्डा उपसला, टाकीला झाकण बसले. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करायची, असा नियम झाला. पालिका हे ‘कोरडा दिवस पाळा’ म्हणून वर्षानुवर्षे ओरडून सांगतेच आहे. त्यानंतरही दोघे आजारी पडले, कारण आधीच चावलेल्या डासाचा हिशोब चार ते दहा दिवसांनी चुकता होतो. उपाय फसला असे तेव्हा काही जण म्हणालेच. पुढच्या पंधरवड्यात एकही नवा ताप नव्हता. ती नववीतली मुलगी घरी आली. आता महाविद्यालयात जाते.

मावशींच्या बारा दिवसांच्या पगाराचे काय झाले, हे वसाहतीच्या इतिवृत्तात नाही. बहुतेक घरांनी तो कापला. पोस्टमास्तरांनी सभेत तो विषय काढला, तेव्हा वेळ संपल्याचे सांगण्यात आले.

स्वच्छ पाण्याच्या या लबाडीला मुंबईत जुना इतिहास आहे. विहार तलाव १८६० साली पुरा झाला आणि शहराला नळाचे पाणी मिळू लागले. आमच्या साकीविहार रस्त्याच्या नावातला विहार तो हाच. नळ आला म्हणून घराघरांतल्या विहिरी गेल्या मात्र नाहीत. त्या पूजेअर्चेसाठी, सोवळ्याच्या पाण्यासाठी राहिल्या. रोनाल्ड रॉसने १८९७ च्या ऑगस्टात सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले. त्यानंतर १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाची पाहणी केली, तेव्हा बोट ठेवले ते भल्याभल्यांच्या वाड्यांतल्या या विहिरींवर. हिवताप म्हणजे दलदलीचा, गरिबांचा रोग, या समजुतीला तो मोठा धक्का होता. विहिरी बुजवा म्हणताच हिंदू आणि पारशी दोन्ही समाज धर्मासाठी पुढे सरसावले. मग घट्ट झाकणे, जाळ्या, अशा तडजोडी निघाल्या. विहिरींत गप्पी मासे सोडण्याची युक्ती अजूनही चालते. एवढासा मासा अळ्या खातो आणि कोणाच्या धर्माच्या आड येत नाही. शहरी हिवतापाचा हा डास आजही विहिरी, टाक्या आणि बांधकामावरच्या साठवणीच्या पाण्यातच वाढतो.

मोजताना कितींपैकी किती हे विसरले तर काय होते, याचे ताजे उदाहरण २०२० च्या जुलैचे आहे. करोनाची तपासणी करून घ्यायला आलेल्यांचे आकडे रोज वर्तमानपत्रांत येत होते. तेव्हा पालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी दहिसर, चेंबूर व माटुंगा या तीन विभागांत लोकांच्या रक्तातील प्रतिपिंडे तपासली. झोपडवस्तीत शंभरातल्या ५७ जणांना, तर इमारतींत १६ जणांना नकळत लागण होऊन गेल्याचे दिसले. रोजच्या आकड्यांत दिसत होते ते हिमनगाचे टोक, असे आपण म्हणतो. या आकड्यावरून पुन्हा ‘बघा, वस्तीतच रोग’ असे म्हणणारे निघाले. पण एका संडासापुढे जिथे कितीतरी घरांची रांग लागते, तिथे सहा फूट अंतर राखायचे कसे? आकड्याने बोट दाखवले ते संडासाच्या रांगेकडे, रांगेतल्या माणसाकडे नव्हे.

शेवटी मिठीबद्दल लिहिले पाहिजे, कारण साकीनाक्यावर रोगाविषयी लिहायचे आणि मिठी वगळायची हे होणार नाही. विहार आणि पवई या दोन तलावांचे ओसंडलेले पाणी घेऊन ही नदी निघते, साकीनाक्याजवळून, जरीमरीच्या अंगाने, विमानतळाच्या धावपट्टीखालून कुर्ला, कालिना करीत सुमारे १८ किलोमीटरांवर माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत तिच्यात काय काय सोडले जाते, ते दिवाळीच्या दिवशी लिहिण्यासारखे नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच वेळी कुलाब्याला तो ७५ मिलिमीटरही नव्हता. एकाच शहरात, एकाच दिवशी! मिठीने दोन्ही काठ सोडले. साकीनाक्याला दरड कोसळून माणसे गाडली गेली. बाकीचे कमरेइतक्या पाण्यातून रात्रभर चालत घरी पोचले आणि देवाचे आभार मानून झोपले.

दुसरी लाट आली ती ऑगस्टात. ताप, पोटऱ्या फुटतील अशा वेदना, लाल डोळे. काहींना कावीळ, काहींची मूत्रपिंडे थांबली, फुप्फुसांत रक्त उतरले. लेप्टोस्पायरोसिस हे नाव तोपर्यंत आपल्या घरांत कोणी उच्चारत नव्हते. उंदराच्या, कधी कुत्र्या-गुरांच्या मूत्रातून हा जंतू पाण्यात येतो आणि पायाच्या चिरेतून, खरचटलेल्या कातडीतून आत शिरतो. आत शिरल्यावर बहुधा पाच ते चौदा दिवस गप्प बसतो. इथे पोस्टमास्तरांचा तारखांचा रकाना किती मोलाचा ठरतो पाहा. ताप आलेला माणूस डॉक्टरला काल काय खाल्ले ते सांगतो. दहा दिवसांपूर्वी कुठल्या पाण्यातून चाललो हे त्याच्या ध्यानातही नसते. डॉक्टरने विचारले तर रोग वेळेवर ओळखला जातो, नाही विचारले तर साधा ताप म्हणून गोळी मिळते.

म्हणून हल्ली दर पावसाळ्यात पालिका सांगते की साचलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल, विशेषतः पायाला जखम असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरला भेटा; तो योग्य वाटल्यास डॉक्सिसायक्लिन देईल. आजारी पडायच्या आधी औषध घेणे आपल्या मनाला पटत नाही. ज्याला गोळीमुळे लेप्टो झाला नाही त्याला, आपल्याला तो होणार होता, हे कधीच कळत नाही. त्यामुळे तो कोणाचे आभारही मानत नाही. जरीमरीच्या गाळ्यांतले कामगार तर पाणी ओसरताच अनवाणी पायांनी चिखल उपसायला लागतात, कारण यंत्र भिजले तर रोजी बुडते. त्यांना गमबूट घेऊन देणे हे मालकाच्या हातात आहे, आणि दोन दिवसांची भरपगारी रजा देऊन दवाखान्यात पाठवणेही. आमच्या पोस्टमास्तरांनी गेल्या जूनमध्ये फाटकावर एक कागद चिकटवला. त्यावर तीनच रकाने होते: नाव, पाण्यातून चालल्याची तारीख, डॉक्टरला भेटल्याची तारीख. खाली कंसात लिहिले होते, ‘कामाला येणाऱ्यांनीही नावे लिहावीत.’ पहिल्या मोठ्या पावसानंतर मी पाहिले, तर यादीत सगळ्यांत वर मावशींचे नाव होते, आणि तिन्ही रकाने भरलेले.